नट किती आवळायचा, आणि कधी?

आजचा भाग नटाबद्दल आहे. सिनेमातल्या नाही, गाडीतल्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना माझे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ फार झाले होते, ते थोडे कापलेत. बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

माझ्या मामाकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. घरात नंतर दोन गाड्या आल्या आणि गेल्या, पण ही त्याने विकली नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की रविवारी-रविवारी बसून तिचं सस्पेन्शन नव्याने बांधायचं. मी बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाच्या हातात पाना आला की त्याच्या अंगात येतं, तसं माझं झालं. मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, उतरवले. गंज काढला, रंग दिला. रबराचे सगळे बुश नवीन आणले. आणि मी ऑनलाइन एक टॉर्क रेंच मागवला. ठरलेला जोर लागला की ‘टक्’ असा आवाज करणारा.

मदतीला एक म्हातारे मिस्त्री यायचे. उमेदीची सगळी वर्षं मुंबईत टॅक्स्यांखाली झोपून काढलेला माणूस. गाडी चार स्टँडवर उभी होती, चाकं काढलेली, एक्सल खाली लोंबकळत. मी बोल्ट लावायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “आता नुसते हाताने लाव. आवळू नको.” मी म्हटलं, “काका, माझ्याकडे आकडा आहे.” ते गप्प बसले. मी एकेक बोल्ट आकड्याप्रमाणे आवळला. टक्. टक्. टक्. काय समाधान होतं त्या आवाजात!

चार महिन्यांनी आम्ही वाईला निघालो होतो. मागून कुरकुर आधीपासूनच येत होती. गाडी मागच्या बाजूला जरा उंच वाटत होती, पण नवीन पाटे रंगवलेत म्हणून दिसत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खंबाटकीच्या वळणावर मामा म्हणाला, “अरे, ही मागून वेगळंच काहीतरी म्हणतेय.” आम्ही वेग कमी करून, कडेकडेने, कसेबसे परत आलो. खोलून बघितलं तर पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला नवाकोरा बुश फाटलेला. रबर आतल्या नळीपासून सुटून आलं होतं.

मिस्त्रीकाकांनी एकच प्रश्न विचारला, “आवळताना गाडी कुठं होती?”

“स्टँडवर.”

“आणि चाकं?”

मी उत्तर दिलं नाही. मामाही मला एका शब्दाने काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. गाडीत त्या दिवशी मामी आणि तिची आई पण होती.

तर मंडळी, आजचा भाग त्या एका प्रश्नाचा इतिहास आहे. आवळताना गाडी कुठं होती? हा प्रश्न पडायला माणसाला जवळपास शंभर वर्षं लागली. आधी दुसरे दोन प्रश्न सुटावे लागले.

पहिला प्रश्न: हा नट या बोल्टला बसतो का?

आज आपण दुकानात जाऊन ‘दहाचा बोल्ट द्या’ म्हणतो आणि घरी आणून लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शक्य नव्हतं. प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नाही. यंत्र मोडलं की ज्याने बनवलं त्याच्याकडेच जायचं.

इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी वेगवेगळ्या कारखान्यांमधले बोल्ट गोळा केले, मोजले, आणि १८४१ मध्ये एक पद्धत मांडली. आट्यांचा कोन सगळीकडे ५५ अंश, आणि कुठल्या जाडीच्या बोल्टला इंचात किती आटे हेही ठरलेलं. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि हळूहळू ती देशभराची झाली.

मग १८६४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंश आणि आट्याचं टोक गोल नाही, सपाट. कारण व्यवहारी होतं: ६० अंशाचा आटा साध्या कारागिराला पाडायला आणि तपासायला सोपा. तिकडे युरोपात मिलिमीटरवाल्यांनी १८९८ मध्ये झुरिकला परिषद भरवून आपले मेट्रिक आटे ठरवले.

म्हणजे झालं काय, की गोंधळ संपवायला तीन पद्धती आल्या, आणि त्या तिघी एकमेकींशी जुळत नव्हत्या. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं. इंजिन ब्रिटिश, आटे ब्रिटिश. पॅकार्डला ते आटे पाडायची हत्यारं स्वतः तयार करावी लागली, कारण ती अमेरिकेत मिळतच नव्हती. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ ला, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून एकच ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. इंचातला, ६० अंशाचा.

आपल्याकडे याचा थेट परिणाम गॅरेजमध्ये दिसायचा. अँबेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिला इंची पाने. फियाट इटलीची, म्हणून तिला मिलिमीटरचे. जुन्या मिस्त्र्यांच्या पेटीत पान्यांचे दोन संच असायचे ते याच कारणाने. चुकीचा पाना लावला तर तो जवळपास बसतो. आणि ‘जवळपास’ बसणारा पानाच नटाचे कोपरे खातो.

दुसरा प्रश्न: किती आवळायचा?

नट बसला. पण किती घट्ट?

इथे एक गोष्ट समजून घेऊ. बोल्ट ही खरं तर एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. डोळ्याला दिसत नाही इतका, पण ताणला जातो. तो ताणलेला बोल्ट आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोड धरून ठेवते ती ही ओढ. कमी ओढ असेल तर भाग हलायला लागतात, नट सुटतो. जास्त झाली तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात किंवा तो तुटतो.

अडचण अशी की ओढ थेट मोजता येत नाही. आपण मोजतो तो पान्यावरचा जोर, म्हणजे टॉर्क. आणि त्या जोराचं होतं काय? ढोबळ हिशेब असा की शंभरातला साधारण पन्नास भाग जोर नटाच्या खालच्या घर्षणात जातो, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेला जेमतेम दहा भाग बोल्ट ताणायला मिळतो. म्हणून आट्यांना तेल लावलं आणि आकडा तोच ठेवला, तर घर्षण कमी होऊन बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हे बघायचं ते यासाठी.

टॉर्क रेंचची गोष्ट मोटारगाडीत सुरू होत नाही, ती पाण्याच्या पाइपलाइनवर सुरू होते. कॉनरॅड बार हे न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात कामाला होते. पाइपांच्या जोडावरचे बोल्ट एक सैल, एक घट्ट, असे कसेही आवळलेले बघून ते वैतागायचे. ठरलेल्या जोराला थांबणारा पाना आपण १९१८ मध्ये बनवला, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९३५ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज फेफर्ल यांनी एका टॉर्क रेंचचं पेटंट घेतलं. जोर ठरवता येणारा, रॅचेट असलेला, आणि आवाज करून सांगणारा. माझ्या हातातलं ते ‘टक्’ तिथून आलंय!

एकक सांभाळा हेही इथेच सांगून टाकतो. जुन्या युरोपियन पुस्तकांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, आपला रेंच न्यूटन-मीटर दाखवतो. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळपास ९.८ न्यूटन-मीटर. इथे गल्लत केली तर चूक दहापट होते.

पण माझं एकक बरोबर होतं. आटे कोरडे होते. आकडा बरोबर होता. तरी बुश फाटला.

तिसरा प्रश्न: आवळताना गाडी कुठं होती?

याचं उत्तर रबरात आहे.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये सस्पेन्शनच्या सांध्यात पितळी किंवा कांशाचे बुश असायचे. धातूची पिन धातूच्या बुशात फिरायची. वंगण पाहिजे, म्हणून जागोजागी ग्रीसचे निप्पल. दर काही शे मैलांनी गाडीखाली जाऊन प्रत्येक निप्पलला ग्रीस मारायचं. विसरलात की सांधा करकरायला लागायचा आणि झिजायचा. अशा सांध्यात एक गोष्ट चांगली होती: तो मोकळा फिरायचा. गाडी वर असो की खाली, बोल्ट कधीही आवळा, फरक पडत नव्हता.

मग रबर आलं. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याचं अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये घेतलं होतं. पण गाडीच्या सांध्यांत रबर खऱ्या अर्थाने शिरलं ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत इंजिनच रबरावर बसवलं गेलं. ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणून त्याची जोरदार जाहिरात झाली. फ्रान्सच्या सित्रोएनने ते तंत्र विकत घेतलं आणि १९३२ पासून जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस दाखवला. सस्पेन्शनच्या सांध्यांतही रबरी बुश आले. त्यातलं ‘सायलेंटब्लॉक’ हे व्यापारी नाव इतकं रुळलं की आपल्याकडे आजही स्पेअर पार्टच्या दुकानात ‘सायलेंट बुश द्या’ म्हटलं की चालतं. ग्रीस नको, आवाज नाही, धक्काही कमी.

आता हा बुश आतून कसा असतो बघा. बाहेर धातूची नळी, आत धातूची नळी, मध्ये रबर. रबर दोन्ही नळ्यांना घट्ट धरून असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये चेपली जाते आणि गाडीच्या बॉडीशी पक्की होते. बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात किंवा आर्ममध्ये पक्की. मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं तर फिरतं कोण? कोणीच नाही. रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. सगळी गंमत यात आहे. हा सांधा फिरत नाही, पिळला जातो.

म्हणजे बोल्ट आवळण्याच्या क्षणी गाडी ज्या अवस्थेत आहे, तीच त्या रबराची ‘सरळ’ अवस्था ठरते. कायमची.

एक हिशेब करू. समजा आर्म ३०० मिलिमीटर लांब आहे. गाडी जमिनीवर उभी असते तिथून चाक ७५ मिलिमीटर वर जाऊ शकतं आणि ७५ मिलिमीटर खाली. म्हणजे आर्म दोन्ही बाजूंना साधारण साडेचौदा अंश फिरणार. गाडी जमिनीवर असताना आवळलं, तर रबर उभ्या गाडीत निवांत असतं आणि जास्तीत जास्त साडेचौदा अंश पिळलं जातं. आता तेच चाक लोंबकळत असताना आवळा. गाडी खाली उतरवताक्षणी रबर साडेचौदा अंश पिळलेलं. पार्किंगमध्ये रात्रभर उभी असली तरी पिळलेलंच. आणि मोठा खड्डा आला की एकोणतीस अंश. त्याचं आयुष्य संपायला वेळ लागत नाही.

पाट्याचंही तसंच. गाडी उचलली की पाटा जास्त कमानदार होतो, वजन आलं की सरळ व्हायला बघतो, आणि सरळ होताना त्याचा डोळा फिरतो. त्यात पिळलेलं रबर स्वतः एक स्प्रिंग बनून गाडी वर ढकलत राहतं. आमची पद्मिनी मागून उंच दिसत होती ती रंगामुळे नाही. चार महिने ती मला सांगत होती.

कुर्ल्याची गाडी

पद्मिनीची मूळ गाडी फियाट ११००/१०३. ती १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. पुढे दोन-दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ एक्सल आणि पाटे. आपल्याकडे ती बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. तिने आधी क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या, मग ती फियाटकडे वळली. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ११०० डी बाहेर पडायला लागली, आणि पुढे १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. दिवस-रात्र दोन पाळ्यांत चालायची, पावसाळ्यात खड्ड्यांतून. टॅक्सी उभी राहिली की धंदा बुडाला, त्यामुळे बुश टिकणं हा तिथे पोटाचा प्रश्न होता. आमच्या मिस्त्रीकाकांनी टॉर्क रेंच कधी वापरला नाही. रबर किती अंश पिळतं हेही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण ज्या टॅक्सीचे बोल्ट खड्ड्यावर, चाकं टेकलेली असताना आवळले ती लवकर परत येत नाही, आणि जिचे हवेत आवळले ती येते, एवढं त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. माझा आकडा खोटा नव्हता. त्यांचा क्रम मात्र त्या आकड्याच्या आधी येत होता, आणि मी तो ऐकला नाही.

दुसऱ्यांदा आम्ही त्यांच्या पद्धतीने काम केलं. तुमच्यापैकी कोणी घरची जुनी गाडी बांधत असेल तर नीट ऐका.

सगळे बुश बसवायचे, बोल्ट घालायचे, नट हाताने टेकेपर्यंतच फिरवायचे. चाकं लावायची आणि गाडी जमिनीवर उतरवायची. आता लगेच पाना घ्यायचा नाही! उतरताना टायर जमिनीला चिकटून तिरके अडकलेले असतात आणि गाडी पूर्ण खाली बसलेली नसते. तिला चार-पाच फूट मागे-पुढे ढकलायचं, पुढून-मागून दाबून दोन-तीनदा झुलवायचं, की ती आपल्या जागेवर बसते. मग सर्व्हिसच्या खड्ड्यात उतरून, किंवा चारही चाकं सारख्या उंचीच्या रॅम्पवर असतील तर खाली जाऊन, शेवटचं आवळायचं. तिथे टॉर्क रेंच वापरायचा, जरूर वापरायचा.

खड्डा नाही, रॅम्प नाही? मग स्टँड बॉडीखाली न लावता एक्सलखाली लावा, म्हणजे गाडीचं वजन पाट्यांवर येईल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. यात ‘दोन मिनिटांचं काम आहे’ वगैरे काही नसतं. पुढे दोन-तीनशे किलोमीटर चालवून सगळे नट परत तपासायचे.

आणि हा नियम सगळ्या नटांना लावू नका. तो फक्त पिळल्या जाणाऱ्या रबराच्या सांध्यांसाठी आहे. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड मोकळे फिरतात, ते गाडी वर असतानाही आवळता येतात. तिथे कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळून जुळवायचं, मागे सैल करून नाही. हल्ली पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. त्यातले बरेचसे आतल्या नळीवर मोकळे फिरतात, म्हणून त्यांना हा नियम लागत नाही, पण मग ग्रीस लागतं. म्हणजे आपण फिरून परत निप्पलच्या जमान्यात!

शेवटची गोष्ट. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, मीही टाकला. गाडी संग्रहालयात ठेवता येते. पण तिच्याखाली झोपून काम केलेली माणसं आता सत्तरीत आहेत, आणि बोल्ट कधी आवळायचा हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून एक काम करा. तुमच्या भागात असे कोणी जुने मिस्त्री असतील तर त्यांच्याकडे जा. चहा घ्या, फोनचा रेकॉर्डर चालू करायची परवानगी विचारा, आणि गाडीची कुठलीही एक गोष्ट ते कुठल्या क्रमाने करतात ते विचारा. ‘का’ लगेच विचारू नका. आधी क्रम ऐका.

मी मिस्त्रीकाकांचं रेकॉर्डिंग सुरू केलंय. पहिल्या तासाभरात ते मुख्यतः माझ्यावर हसलेत. मामाची गाडी आता मागून सरळ उभी राहते. मागच्या महिन्यात आम्ही खंबाटकी ओलांडून वाईला जाऊन आलो, मामीच्या आईसकट. कुरकुर अजिबात नाही. पुढच्या भागात भेटू.